आपल्याला टाकून बस गेली, तो दिवस

आई,

इथल्या मराठी मंडळाच्या वॉट्सॲप ग्रुपवर तुमची बातमी आली. ‘अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ, सदा हसतमुख’ असं लिहिलं होतं. तुम्ही वाचलं असतंत तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतंत, “मनमिळाऊ? ही कोण बाप्पा?” मला आधी हसू आलं. मग असं रडू फुटलं की फोन उलटा ठेवून मी गराजमध्ये जाऊन उभी राहिले, रिसायकलिंगच्या डब्याशेजारी. तिथे कुणी विचारायला येत नाही.

जन्म नागपूरचा, शिक्षण अमुक, नोकरी तमुक, हे सगळं त्या मेसेजमध्ये आलंय, ते मी परत लिहीत नाही. मला तुमच्याशी बोलायचंय ते वेगळ्याच कारणासाठी. फ्युनरल होममधून घरी येताना समीर गाडी चालवत होता. रूट वनच्या सिग्नलला थांबला आणि समोर बघतच म्हणाला, “आपल्याकडे राहिली असती तर अशी एकटी गेली नसती.” सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला, तरी गाडी हलेना. “त्या फ्रान्सच्या ट्रिपनंतर हे खूळ सुरू झालं. काय भरवलंस तिच्या डोक्यात तिथे?”

“बाबा, स्टॉप. प्लीज,” मागच्या सीटवरून ईशा म्हणाली.

मी गप्पच. मी गप्प बसते तेव्हा प्रकरण साधं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या मुलाला मात्र इतक्या वर्षांच्या संसारात ते कळलेलं नाही.

तर आई, त्या दिवशी तिथे काय झालं हे आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. आता एकटी मी उरले. म्हणून तो दिवस पुन्हा एकदा चालून बघते, तुमच्यासमोर. कुठे तिखटमीठ लावलं तर थांबवा.

समीरच्या ऑफिसात ऐनवेळी सॉफ्टवेअरचं रिलीज आलं, ईशाला इंटर्नशिप लागली, आणि चौघांच्या युरोप टूरवर आपण सासू-सून दोघीच निघालो. वेस्ट विंडसरमधल्या माझ्या मैत्रिणींनी मला निघायच्या आधीच धीर देऊन ठेवला होता, जणू मी ऑपरेशनला चालले होते. टूर मराठी. बाकी सगळी मंडळी मुंबई-ठाण्याची, अमेरिकेच्या आपण दोघीच. भल्या सकाळी बस, बसमध्ये मोरया, मग भडंग आणि अंताक्षरी, आणि खिडकीबाहेर न बघता आख्खा युरोप मागे जातोय.

त्या गावाचं नाव मला माहीत नाही. ईशा म्हणते, “आई, जस्ट लुक ॲट द मॅप.” नाही बघायचं मला. आपल्या कार्यक्रमात ते गाव नव्हतंच, फोटो आणि वॉशरूमसाठी बस थांबली तेवढंच. एक नदी, तिच्यावर दगडी पूल, पलीकडे चर्चचं टोक, आणि चौकात बाजार भरलेला. आपला टूर मॅनेजर निखिल ओरडून सांगत होता, “लवकर या हं, इथे शॉपिंग नाही!” आणि तुम्ही सरळ बाजारात घुसलात. अंगावर फिकी कॉटनची साडी, पायात ईशाने आणलेले पांढरे स्नीकर, डोक्यावर तिचीच जुनी कॅप. लोक वळून बघत होते आणि तुम्ही जर्दाळू बघत होतात.

काय रंग होता त्या जर्दाळूंचा! तुम्ही सवयीने एकेक दाबून बघायला लागलात, तर विकणाऱ्या बाईने तुमच्या मनगटावर हलकेच चापट मारली. मी म्हटलं, संपलं आता. नागपुरात बर्डीवरच्या भाजीवाल्यांना घाम फोडलेल्या बाई तुम्ही. पण तुम्ही निमूट हात मागे घेतलात. तिने फळांकडे बोट केलं, मग तोंडाकडे. मग दोन्ही तळवे गालाखाली घेऊन झोपल्यासारखं केलं आणि भुवया उडवल्या. मला काही म्हणजे काही कळेना.

“अगं, विचारून राहिली नं ती, आज खायचे की उद्या!” तुम्ही म्हणालात.

आजचे, असं तुम्ही खुणेने सांगितलंत, तेव्हा तिने ढिगातून एकेक निवडून पिशवीत घातला. “पाहिलंस मुक्ता? उद्याचे वेगळे असतात.” पिशवी तुम्ही छातीशी धरून ठेवलीत.

एवढ्यात बस गेली.

बसमध्ये जोशी होते चार. आपण दोघी, आणि ठाण्याचे जोशी काका-काकू. निखिलने माइकवर विचारलं, “जोशी दोघं आले का?” आणि मागून काकांचा खणखणीत आवाज आला, “आले, आले!” झालं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. आडनावाने माणसं मोजायची ही पद्धत जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. आपण चौकातून पुलाशी आलो तेव्हा बसच्या जागी एक कुत्रा पसरला होता.

निखिलचा फोन आला तोवर ते हायवेला लागले होते. मध्ये वळायला जागा नाही, पुढे कुठल्याशा राजवाड्याचं बुकिंग, मग लंच. “मॅडम, सो सो सॉरी, मी टॅक्सी बघतो.” त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात. “बाळा, तुम्ही परत याच रस्त्यानं येणार नं? मग येताना घे आम्हाला. टॅक्सी-बिक्सी नको. सावकाश ये.” आणि फोन बंद करून मला परत दिलात.

“अहो आई, दिवसभर इथे करायचं काय?”

“करायचं काहून? काही नाही करायचं.”

मला आठवतं ते हे, की त्यानंतर उजेड बदलला. उन्हामुळे असेल, माझा राग उतरल्यामुळे असेल. आपण एका गल्लीत शिरलो, ती दुसरीत निघाली, दुसरीतून एका जिन्यावर, जिन्यावरून पुन्हा नदीकाठी. घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा, फिक्या निळ्या, उन्हाने पापुद्रे सुटलेल्या. भिंतीच्या कडेला, फरशीच्या फटीतून वर आलेली उंच फुलझाडं. “गुलखैरा!” तुम्ही ओरडलात, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. तुम्ही त्या झाडाशी बोललातसुद्धा, मी ऐकलं. मांजर दिसलं की थांबायचं, पाण्याचा नळ दिसला की थांबायचं, सावली दिसली की बसायचं. मी घड्याळाकडे बघितलं की तुम्ही म्हणायच्यात, “पोचायचंय कुठं तुला?” मग मी घड्याळ काढून पर्समध्येच टाकलं. आई, माझं सगळं आयुष्य कॅलेंडरच्या चौकोनांत गेलंय, ऑफिसचे चौकोन, ईशाच्या क्लासचे चौकोन, तुमच्या डॉक्टरांचे चौकोन. त्या दिवसाला चौकोनच नव्हता.

मध्येच चर्चमध्ये गेलो. आत गार आणि अंधारं. तुम्ही स्नीकर काढायला वाकलात, मी म्हटलं, “अहो, इथे चालतात,” तर म्हणालात, “त्यांना चालत असतील,” आणि बूट हातात घेऊन मोज्यांवर आत गेलात. रंगीत काचेतून लाल-निळा उजेड तुमच्या पदरावर पडला होता. तुम्ही पदर हलवून तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत होतात, खेळत होतात चक्क. एवढ्या गमतीत मी तुम्हाला घरात कधी पाहिलं नव्हतं.

बारा वाजत आले तसं बेकरीत गेलो. आपल्यापुढे एक बाई होती, काठी टेकत आलेली. म्हातारी म्हणत नाही, कारण ती तुमच्याच वयाची होती आणि तुम्ही डोळे वटाराल. तिने काही मागितलंच नाही. बेकरीवालीने तिला बघून लांबडा पाव घेतला, सुरीने मधोमध कापला, अर्धा कागदात गुंडाळून तिला दिला, अर्धा ठेवून दिला. “अर्धाही देतात?” तुम्ही मला कोपराने ढोसलंत. त्या ठेवलेल्या अर्ध्याकडे बोट करून तुम्ही तोच घेतलात.

मग घंटा झाली आणि गावाने दुकानं मिटली. शटर खाली, झडपा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

“तुझ्या पुण्याची शाखा दिसते,” तुम्ही म्हणालात.

ती पाववाली बाई आपल्यापुढे चालत होती, आणि आपल्याला दुसरा उद्योग नव्हता म्हणून आपण तिच्या मागे, तिच्याच वेगाने. तिचं दार रस्त्यावरच उघडत होतं. दाराशी एक खुर्ची. आपण समोरच्या पायरीवर सावलीत बसलो आणि पाव मोडायला घेतला. तिने थोडा वेळ आपल्याकडे बघितलं. मग काठी उचलून हवेत अशी हलवली, की आत या. मी “नो नो, मेर्सी” वगैरे करत होते. तुम्ही उठून गेलात पण.

ती खोली मला कितीदा स्वप्नात दिसते. झडपांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर आलेल्या. एक टेबल, मेणकापड घातलेलं. एक पलंग, एक रेडिओ. तिने आपल्याला बसवलं आणि बाटलीतलं हिरवंगार सरबत पाण्यात घालून दिलं. “खस आहे!” तुम्ही आनंदाने म्हणालात. खस नव्हता, पुदिना होता, पण मी तुमचा आनंद घालवला नाही. तुम्ही जर्दाळूंची पिशवी तिच्यापुढे केलीत. तिने ती उघडली, फळं धुतली, बशीत रचली, आणि तुमचेच जर्दाळू तुम्हाला आग्रह करून वाढले. एक संपला की दुसरा. नको म्हटलं की ती मान तिरकी करून रुसल्यासारखं करायची. बोलणं तर काही कळत नव्हतं. ती फ्रेंचमध्ये बोलत होती, तुम्ही नागपुरीत, आणि दोघी मिळून मला हसत होतात असा मला संशय आहे. निघताना ती दारापर्यंत आली आणि तुमचा हात बराच वेळ हातात धरून उभी राहिली.

पुढची दुपार नदीकाठी गेली. तिथे जुना धुण्याचा घाट होता, वर कौलारू छप्पर, खाली पाण्याशी उतरते दगड, कपडे आपटून आपटून गुळगुळीत झालेले. आता तिथे कुणी धुणं धूत नाही, कठड्यावर कुंड्या ठेवल्यात. तुम्ही स्नीकर काढलेत, मोजे काढलेत, साडी पोटऱ्यांपर्यंत घेतलीत आणि पाय पाण्यात सोडलेत. मी पण सोडले. पाणी इतकं गार की आपण दोघी एकदम किंचाळलो. मग सवय झाली. पाण्याचा उजेड छपराच्या आतल्या बाजूला हलत होता आणि आपण मान वर करून तो बघत राहिलो.

“मुक्ता, एक विचारू? रागावशील.”

“रागावले तर रागावले. विचारा.”

“मी वेगळी राहिले तर?”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. नीटच ऐकलं होतं. माझ्या तोंडून निघालं ते कुठल्याही सुनेच्या निघेल तेच. “काय चुकलं आमचं, आई?”

“चुकायला काहून पाहिजे गं? कोणाचं चुकलं तरच बाईनं घर करावं का?” तुम्ही पाय हलवत होतात, पाणी वाजत होतं. “मला समीरला जेवायला बोलवायचंय.”

“रोज जेवतो की तो तुमच्यासमोर!”

“तुझ्या घरी जेवतो. मी पण तुझ्याच घरी जेवते. माहेरी आईचं घर होतं, मग सासूबाईंचं. त्या गेल्या नं, तर यांची बदली, यांचं आजारपण, मग तुमच्याकडे आले. मी तक्रार करत नाही. पण त्या बाईनं आज कसं बसवलं आपल्याला! कसं वाढलं! मला एकदा माझ्या दारात उभं राहून म्हणायचंय, ये रे समीर, बस. काय घेशील?”

“घर तुमचंच आहे, आई.”

“तू म्हणतेस नं तसं, म्हणून तर ते तुझं आहे.” हे तुम्ही इतक्या लाडाने म्हणालात की मला भांडताही येईना.

पण भांडले. आई, हे महत्त्वाचं आहे, म्हणून लिहिते. मी तुमच्या डोक्यात काही भरवलं नाही, उलट ऊन कलेपर्यंत मी नाही, नाही आणि नाहीच म्हणत होते. तुमचे गुडघे, तुमचं बीपी, बर्फ, निसरडं, सगळं काढलं. तुम्ही प्रत्येक गोष्टीला “बरं” म्हणत होतात. शेवटी माझे मुद्दे संपले आणि मला रडूच आलं. “तुम्ही गेल्यावर मी भांडू कोणाशी?” मी म्हटलं. खरं तेच होतं. समीरशी भांडण होत नाही, तो लॅपटॉप उघडतो.

तुम्ही ओल्या हाताने माझं तोंड पुसलंत. “फोनवर भांडू नं. मी उचलीन.” मग गंभीर होऊन म्हणालात, “पण एक ऐक. समीरला मी सांगेन. तू मध्ये एक अक्षर बोलू नको. माझी बाजूही घेऊ नको. नाहीतर सगळे म्हणतील, सुनेनं काढलं. आणि ह्या जेवणाचं तर बिलकूल नाही सांगायचं. मी बोलावल्यावर त्यानं आपल्या मनानं यावं.”

मी हो म्हटलं. तुम्ही दगडावर आडव्या झालात, पर्स उशाला घेतलीत आणि झोपून गेलात. मी तुमच्या पायांवरच्या माश्या वारत बसले. समोरून बदकं गेली, एक होडी गेली, होडीतल्या माणसाने हात केला. मला वाटलं, बस आलीच नाही तरी काय बिघडतं! खरंच वाटलं.

बस आली. उन्हाळ्याची संध्याकाळ तिकडे संपता संपत नाही, पुलावर आपल्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या. बसमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, निखिल पाया पडायला लागला, ठाण्याच्या जोशी काकूंनी चकल्यांचा डबा पुढे केला. “अरेरे, तुमचा राजवाडा हुकला हो!” त्या म्हणाल्या. “काय केलंत दिवसभर?”

“काही नाही,” तुम्ही म्हणालात, आणि खिडकीशी सरकून बसलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐका. घरी आल्यावर तुम्ही जेवणाच्या टेबलावर विषय काढलात. समीरचा घास हातात राहिला. “आई, लोक काय म्हणतील?”

“कोणते लोक रे? बाजूच्या घरात कोण राहतं ते तुला ठाऊक नाही.”

“आय थिंक इट्स कूल,” ईशा म्हणाली. समीरने माझ्याकडे बघितलं. “तू काहीच बोलत नाहीस?” मी म्हटलं, “हा आईंचा प्रश्न आहे.” शब्द पाळला मी. पुढे मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या लाइनमध्ये एका काकूंनी मला विचारलं, “सासूबाई वेगळ्या राहतात का हल्ली?” त्या ‘हल्ली’वर त्यांनी जो भार दिला तोसुद्धा मी गिळला.

दोन सिग्नल पलीकडे सीनियर अपार्टमेंट, तिसरा मजला, खिडकीत मेपलचं झाड. तुमच्याकडे कोण जेवलं नाही! शेजारची डॉरिस हाताने वरणभात खायला शिकली. ईशा कॉलेजच्या मैत्रिणी घेऊन यायची. मी तर दर गुरुवारी, आणि मला तुम्ही स्वयंपाकघरात पाय ठेवू द्यायच्या नाहीत. “बस तिकडे, पाहुणी आहेस.” किती तोरा होता त्या बोलण्यात. इतक्या सुखात मी तुम्हाला त्या घाटावर पाहिलं होतं, त्यानंतर तिथेच.

फक्त समीर नाही. तो यायचा, स्मोक अलार्मची बॅटरी बदलायचा, औषधांचे डबे भरायचा, वाणसामान ठेवायचा, सगळं उभ्या उभ्या. तुम्ही म्हणायच्यात, “बस रे, पान वाढते.” तो म्हणायचा, जेवून आलोय. कॉल आहे. गाडी नीट लावली नाही. तिथे बसून जेवला असता तर तुमचं वेगळं राहणं मान्य केल्यासारखं झालं असतं, असं त्याचं काहीतरी होतं. तुमच्यावर गेलाय, दुसरं काय! मी किती वेळा ओठ चावले आहेत, आई. एकदा सांगून टाकलं असतं, तर? तुम्ही नको म्हणाला होतात. पण आपण दोघी त्याला जास्तच शहाणा समजलो का?

आणि मग त्या दुपारी तुम्ही खिडकीजवळ डुलकी घ्यायला बसलात आणि उठलाच नाहीत. डॉरिसने मला फोन केला. एकट्या गेलात, हो. मला त्याचा त्रास होतो, खूप होतो. रात्रभर जागी असते. पण तुमच्या खोलीत मी आले तेव्हा तुमचा चेहरा बघितलाय मी, आणि त्या चेहऱ्यावर कुणाची वाट बघणं नव्हतं.

तेरावं झालं. काल आम्ही तुमचं घर आवरायला गेलो, महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. समीर खोक्यांना टेप लावत होता. मी फ्रिज उपसला. फ्रीझरमध्ये झिपलॉकची पिशवी होती, गच्च भरलेली. मी काही म्हणायच्या आत समीरने मागून बघितलं.

“वडाभाताचे वडे आहेत,” तो म्हणाला. मग म्हणाला, “डॉरिस हे खात नाही. तिला तळलेलं चालत नाही.”

“नाही.”

“ईशाला पण आवडत नाही.”

“नाही.”

मग मी सांगितलं. शब्द मोडला, आई. सगळं सांगितलं, घाट, पाणी, ती बाई, तुम्ही काय म्हणालात ते, जसंच्या तसं. “मी आईंच्या डोक्यात काही भरवलं नाही, समीर. त्यांना तुला जेवायला बोलवायचं होतं. हे घर त्यांनी त्यासाठी घेतलं.”

“पण रोज तर आपल्या घरी...” तो बोलायला लागला आणि थांबला. हातातली टेप त्याने खोक्यावर ठेवली. खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजून बंद झाला.

“तांदूळ आहे का?” त्याने विचारलं.

तांदूळ होता. बांधलेलं खोकं फोडून पातेलं काढलं, एक ताट काढलं. भात होईस्तोवर तो टेबलाशी बसून राहिला, हात मांडीवर घेऊन, परक्या घरात बसल्यासारखा. मी वडे गरम केले, भातावर कुस्करले, वर हिंग-लाल मिरचीची चरचरीत फोडणी ओतली. ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि तुमच्या खुर्चीत बसले नाही, उभी राहिले. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “तिखट आहे,” म्हणाला. तिखट नव्हतं, आई. मीठ-मिरची अगदी बेताची होती. त्याने पुन्हा भात मागितला, नंतर आणखी एकदा मागितला, आणि मी वाढला. मग ताट स्वतः घासून, पुसून, परत खोक्यात ठेवलं.

निघताना मी लिफ्टपाशी पोचले तरी तो येईना म्हणून मागे वळून बघितलं. बूट घालून उंबऱ्यात उभा होता, तोंड आतल्या खोलीकडे.

“आई, जेवण मस्त झालं होतं,” तो म्हणाला. “येतो.”

समीर तुमच्याकडे जेवून गेला, आई.